जाईचा फ्रॉक, ॲलिसचं पोलकं

डिसेंबर लागला की कोल्हापुरातल्या ड्रेपरीच्या दुकानांना बरकत येते. गॅदरिंगचे दिवस. जिरेटोप, कवड्यांची माळ, वासुदेवाची मोरपिसांची टोपी, झाशीच्या राणीची पत्र्याची तलवार, सगळं भाड्यानं मिळतं. अनामत ठेवायची, कपडे न्यायचे, दुसऱ्या दिवशी परत करायचे. त्यांना आधीच्या पोरांच्या पावडरीचा वास असतो आणि मापाचं म्हणाल तर सेफ्टी पिना असतातच.

पण शाळा आता विषय देऊ लागल्या आहेत. आमच्या शेजारच्या घरातल्या दुसरीतल्या मुलीला यंदा ‘गोष्टीच्या पुस्तकातलं पात्र’ होऊन यायला सांगितलंय. ती म्हणाली, मी ‘ॲलिस इन वंडरलँड’मधली ॲलिस होणार. ड्रेपरीवाल्याकडे ॲलिस नव्हती. त्यानं परी दाखवली आणि पंख काढून देतो म्हणाला.

मग घरीच शिवायचं ठरलं आणि वादाला तोंड फुटलं. एका बाजूला मुलीच्या आईची आत्या. मंगळवार पेठेत तिनं वर्षानुवर्षं शिवणक्लास चालवला, निम्म्या पेठेच्या सुना तिच्याकडे झबल्या-टोपड्यापासून शिकल्या. दुसऱ्या बाजूला तिची भाची, म्हणजे मुलीची आई. नोकरी संगणकावरची, शिवण हौसेचं. तिनं इंटरनेटवरून ॲलिसच्या फ्रॉकचा फर्मा विकत घेतला आणि घरीच छापला. मी चहाच्या निमित्तानं तिथे होतो. जे ऐकलं ते थोडी काटछाट करून देतोय. आत्याच्या तोंडी ‘मी करतो’, ‘मी सांगतो’ येईल. कोल्हापूरच्या पुष्कळ बायका तसंच बोलतात, ते बदललेलं नाही.

आत्या : ही रद्दी कुठली गं?

भाची : रद्दी नव्हे, फर्मा आहे. ही सगळी पानं एकाला एक चिकटवली की पूर्ण फ्रॉक. अंग, बाही, बेबी कॉलर, वरचा पांढरा एप्रन. सात वर्षांच्या मुलीचा.

आत्या : कुठल्या सात वर्षांच्या मुलीचा?

भाची : कुठल्या म्हणजे?

आत्या : अगं, आपली पोर शेवग्याची शेंग. उंचीनं सातची, अंगानं पाचची. हा कागद कुणाच्या अंगावरून काढलाय ते तरी लिहिलंय का त्यावर?

भाची : लिहिलंय. उंची १२२ सेंटिमीटर, छाती ६३. आपल्या पोरीची उंची १२० भरते, छाती ५७. म्हणून मी वय बघणारच नाही. छाती बघून लहान माप घेणार आणि कंबरेच्या वर ही रेघ आहे ना, इथं कापून लांबी वाढवणार. रेघ त्यासाठीच दिलेली असते.

आत्या : (जरा वेळानं) हे बरं केलंय त्यांनी.

हा पहिला डाव भाचीनं घेतला, पण दुसरा लगेच गेला. आत्यानं गळ्यातला टेप काढला आणि पहिल्या पानावरच्या एका रिकाम्या चौकोनाला लावला. चौकोनाखाली छापलं होतं, बाजू १० सेंटिमीटर. टेपवर भरली ९.६. घरच्या प्रिंटरला ‘पानात बसवा’ असा हुकूम राहून गेला की तो सगळंच चित्र थोडं आकसून छापतो. डोळ्याला कळत नाही. पण ६३ची छाती साडेसाठ होते, मुंढा आवळतो आणि पोर हात वर करते तेव्हा काखेत उसवतं. हा चौकोन त्याचसाठी असतो. बहुतेक जण तो बघत नाहीत. भाचीनं मुकाट्यानं सगळी पानं पुन्हा छापायला टाकली.

आत्या : म्हणून म्हणतो, अंगावर टेप लाव आणि खाकी कागदावर काढ. साडेबावीस इंच छाती. तिचा पाव भाग, त्यात एक इंच लूजिंग, बाजूला माया. मुंढा छातीवरनं निघतो. वही उघड, सगळं आहे त्यात.

भाची : आणि वहीत ते कुठून आलं?

आत्या : माझ्या बाईंनी शिकवलं.

भाची : त्यांना?

आत्या : त्यांच्या बाईंनी.

भाची : मग तोही कुणाच्या तरी अंगावरचाच हिशोब झाला की! छातीवरून मुंढा काढायचा म्हणजे अमुक छातीच्या सगळ्या पोरींचा मुंढा सारखाच असतो, असं तू धरून चालतेस. माझा फर्माही तेच धरतो. तुझा वहीत आहे, माझा कागदावर.

इथं मी भाचीच्या बाजूनं आहे. शिवणक्लासची वही म्हणजे काही अंगाचा आरसा नव्हे. तीही सरासरीच आहे, फक्त सूत्रांच्या रूपात पाठ झालेली. तयार फर्माही काही आजचा नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये एबनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानं १८६३मध्ये वेगवेगळ्या मापांत कापलेले कागदी फर्मे विकायला काढले. त्याआधी छापील फर्मा मिळाला तरी एकाच मापाचा असायचा आणि तो आपल्या अंगाला बसवणं ज्याचं त्याला करावं लागे. बटरिकनं हे मोठं-लहान करण्याचं काम आधीच करून ठेवलं. सुरुवातीला त्याचे जे फर्मे गाजले त्यांत लहान मुलांचे ‘गॅरिबाल्डी’ पोशाख होते. इटलीच्या त्या सेनानीसारखे कपडे पोरांना घालण्याचं तेव्हा तिकडे वेड होतं, जसं आपण पोरांना मावळा करतो. म्हणजे तयार फर्मा आणि पोरांना कुणीतरी दुसरं बनवण्याची हौस, दोन्ही सुरुवातीपासून हातात हात घालून आहेत.

आत्याचा खरा जोर मात्र मापात नव्हताच. तो होता कापडात.

आत्या : कापड किती लिहिलंय?

भाची : पावणेदोन मीटर निळं, एप्रनला एक मीटर पांढरं.

आत्या : पन्ना?

भाची : दीडशे सेंटिमीटर.

आत्या : आपल्याकडे पॉपलिन छत्तीस पन्ना घेशील ना? मग ही मांडणी त्यात बसायचीच नाही. घेराचे दोन तुकडे आडवे लागतील, तीन मीटर धर. आणि आणल्या आणल्या कातर लावू नकोस. रात्रभर भिजव, वाळव, इस्त्री कर. सुती कापड आटतं. पहिल्या धुण्यात फ्रॉक गुडघ्याच्या वर गेला की म्हणशील फर्मा चुकला.

भाची : धुवायचाय कशाला? एकदाच तर घालणार आहे.

आत्या : एकदाच घालायचा असेल तर ड्रेपरीतलीच परी आण.

हे बोलणं मला पटलं. कोल्हापूरहून तासाभराच्या आत इचलकरंजी आहे. १९०४मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग बसवला आणि गावाचं सगळं नशीब सुती कापडाला बांधलं गेलं. हे कापड हाताशी असताना बाजारातले तयार ‘कॅरेक्टर ड्रेस’ मात्र चकाकत्या नायलॉनचे, आतून टोचणारे आणि दिव्याखाली पोरीला घाम फोडणारे. मंचावर ज्या कापडाची झळाळी दिसते त्याचा अंगावर किती त्रास होतो हे घालणाऱ्यालाच माहीत.

मग रंग निघाला.

आत्या : निळाच कशाला?

भाची : ॲलिसचा फ्रॉक निळाच असतो.

आत्या : पुस्तकात आहे का तसं?

भाचीनं पुस्तक आणलं. मूळ १८६५चं, त्यात जॉन टेनिअलची बेचाळीस चित्रं, सगळी काळी-पांढरी. मजकुरात फ्रॉकचा रंग सांगितलेला नाही. लहान मुलांसाठी १८९०मध्ये रंगीत आवृत्ती निघाली तेव्हा टेनिअलच्याच चित्रांत ॲलिसचा फ्रॉक पिवळा होता. आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येणारा फिकट निळा पक्का झाला तो १९५१च्या डिस्नेच्या चित्रपटानं. तेव्हा ‘अगदी पुस्तकातल्यासारखा’ फ्रॉक शिवायचा म्हणणारे बहुतेक जण सिनेमातला फ्रॉक शिवत असतात.

आत्या : मग पिवळा घे.

भाची : पिवळा घातला तर मुलं विचारतील, तू कोण? निळ्यावर पांढरा एप्रन शेवटच्या रांगेतून कळतो.

आत्या : शेवटच्या रांगेचं मला शिकवू नकोस. पॅलेस थिएटरवर आमच्या क्लासच्या पोरींनी शिवलेल्या कपड्यांत किती गॅदरिंगं झाली.

पॅलेस थिएटर म्हणजे केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांच्या काळात, १९१५मध्ये ते उभं राहिलं आणि ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी आगीत सापडलं. त्याचं नाव निघालं की कोल्हापुरात बोलणारा क्षणभर थांबतोच. आत्याही थांबली. मग म्हणाली :

आत्या : आणि तिला ॲलिसच कशाला करतेस? भा. रा. भागवतांनी मराठीत आणली तेव्हा तिची जाई केली होती. ‘जाईची नवलकहाणी’. मी लहानपणी वाचलंय. जाई कर. खणाचं परकर-पोलकं शिवतो मी. महाद्वार रोडला खण मिळेल, सुरेख काठ येतील. फर्म्याची गरज नाही आणि कुणाची नक्कलही नाही.

भाची : आत्या, जाई म्हटलं तर शाळेतल्या मुलांना कळणारच नाही ती ससा शोधत बिळात गेलेली मुलगी आहे म्हणून. परकर-पोलक्यातली मुलगी दिसली की तिला भोंडल्याला आलीय म्हणतील. पोशाखानं आधी ओळख पटवायला पाहिजे.

आत्या : हातात ससा दे.

भाची : मग पोशाखानं काय केलं? सगळं सशानंच केलं.

हा मुद्दा मोठा आहे आणि कोल्हापूरनं तो फार पूर्वी हाताळलाय. बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ आणला. ते मुळात चित्रकार. चित्रीकरणाच्या आधी पात्रांच्या पोशाखाची रेखाटनं करून ठेवायचे. नाटकातले रंगवलेले पडदे सोडून त्यांनी खोली असलेले देखावे उभारले. पौराणिक पात्र रस्त्यावरच्या माणसासारखं दिसून चालत नाही आणि देव्हाऱ्यातल्या तसबिरीसारखं अवघडूनही चालत नाही, ही अडचण त्यांच्या कंपनीनं रोज सोडवली असणार. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांत अण्णासाहेब राजोपाध्ये नावाचे चित्रकार होते. त्यांची मुलगी भानुमती, कोल्हापुरात १९२९मध्ये जन्मलेली, हीच पुढची भानू अथैया. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३मध्ये जॉन मोलो यांच्यासह तिला ऑस्कर मिळालं. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं.

आत्यानं नेमकं तेच नाव काढलं.

आत्या : भानू आपल्या कोल्हापूरची. तिनं कुणाचा फर्मा विकत आणला होता?

भाची : नव्हता आणला. पण ‘आम्रपाली’च्या वेळी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला होता. म्हणजे चित्रावरूनच घेतलं ना? मीही टेनिअलच्या चित्रावरूनच घेतेय.

आत्या : अजिंठ्याच्या चित्रातल्या बाईला नाचायचं नव्हतं. वैजयंतीमालेला नाचायचं होतं. तिच्या अंगावर ते बसलं, टिकलं आणि हललं, हे भानूचं काम. चित्र सगळ्यांनाच दिसतं.

भाची : आणि ‘ब्रह्मचारी’तली मुमताजची ती नारिंगी साडी? तीही तिचीच. नेसल्यासारखी दिसते, पण शिवलेली होती, आत चेन लावलेली. नाचताना सुटू नये म्हणून. म्हणजे ‘खरी साडी’ हवी की ‘खरी दिसणारी’ हवी, तर तिनं दिसणारी निवडली. मग माझा निळा फ्रॉक का चालत नाही?

यावर आत्या हसली. १९६८च्या त्या साडीवर एका पिढीनं बोटं मोडली होती आणि दुसरीनं तशीच साडी शिवून मागितली होती. आत्याच्या क्लासमध्येही ती मागणी आली असणार. वाद इथं मिटला असता, पण मुलगी शाळेतून आली.

तिनं दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “एप्रनला खिसा आहे का?”

फर्म्यात खिसा नव्हता. मागे बांधायची मोठी बो होती, कडेला झालर होती, खिसा नव्हता. आत्या म्हणाली, खिसा कशाला हवाय? मुलीनं पुस्तक उघडून तिसऱ्या प्रकरणातली जागा दाखवली. भिजलेल्या पक्ष्या-प्राण्यांची शर्यत होते, सगळेच जिंकतात, आणि सगळ्यांना बक्षिसं ॲलिसनं द्यायची असं ठरतं. ती खिशात हात घालते, गोळ्यांची डबी निघते, सगळ्यांना एकेक गोळी मिळते. मग तिला काय? डोडो पक्षी विचारतो, खिशात आणखी काय आहे? निघतं फक्त अंगुस्तान, शिवताना बोटात घालायचं. डोडो ते तिच्याकडून घेतो आणि गंभीर चेहऱ्यानं तिलाच बक्षीस म्हणून देतो.

आत्यानं हे दोनदा वाचून घेतलं. मग उठून मशीनचा खण उघडला आणि पितळी अंगुस्तान काढून मुलीच्या हातात ठेवलं. “हे घाल खिशात. हरवलंस तर बघ.”

मला त्या खोलीतला खरा निकाल तेव्हा लागलेला दिसला. भाची चित्राशी इमान राखत होती, आत्या अंगाशी. पुस्तकाशी इमान राखणारी एकटी ती पोर होती. रंग, कॉलर, बो हे सगळं चित्रकारांनी आणि सिनेमावाल्यांनी ठरवलेलं; गोष्टीनं स्वतः सांगितलं ते हे, की या मुलीला खिसा होता आणि त्यात अंगुस्तान होतं. आम्हा मोठ्यांना ते वाद घालून सापडलं नसतं.

पुढचं काम तासाभरात ठरलं. नव्यानं छापलेल्या फर्म्याचा चौकोन बरोबर १० सेंटिमीटर भरला. छातीचं लहान माप, लांबी रेघेवर कापून वाढवलेली. आधी सगळं मांजरपाटात शिवून अंगावर बघायचं, ही आत्याची अट. भाचीला ती वेळखाऊ वाटली, पण मांजरपाटाचा तो कच्चा फ्रॉक अंगावर चढवला तेव्हा बाहीचा फुगा खांद्यावरून पुढे सरकलेला दिसला. आत्यानं तोंडात टाचण्या धरून मुंढा पाऊण इंच आत घेतला, खडूनं खूण केली आणि म्हणाली, आता हेच उसवून कागदावर ठेव, हा तुझा खरा फर्मा. पोरीला हात वर करायला लावले, खाली बसायला लावलं, दोन उड्या मारायला लावल्या. बसताना घेर गुडघ्याखाली दबत होता. कंबरेच्या अडीच पट घेर दोन पटींवर आणला. पाठीवरची चेन काढून पुढून बटणं घेतली, कारण गॅदरिंगच्या गर्दीत पोरीला कपडे बदलायचे असतात आणि पाठीमागची चेन ओढायला आई जवळ नसते. फर्मा काढणाऱ्याच्या ध्यानात ते आलेलं नव्हतं. माया आत दीड इंच ठेवली, बाजूच्या शिवणीला आणि खालच्या दुमडीला. फ्रॉक पुढच्या वर्षी उसवून सोडता येईल.

परकर-पोलक्याचं काय झालं? आत्यानं खण आणलाच. पोलक्याला तीच फुगा बाही, त्याच मांजरपाटातून उतरवलेली. ते संक्रांतीला घालायचं ठरलंय.

माझं मत विचाराल तर निळा फ्रॉक शिवला ते योग्यच झालं. मंचावरच्या पात्राला दोन क्षणांत ओळख द्यावी लागते, आणि सात वर्षांच्या मुलीला आपण कोण आहोत हे प्रत्येकाला समजावत बसायला लावणं बरं नव्हे. पण फर्मा जसाच्या तसा कापून मोकळं होणं म्हणजे अर्धंच काम. बटरिकचा कागद असो की आत्याची वही, दोन्ही त्या मुलीला कधी भेटलेले नाहीत. तिला भेटतो तो मांजरपाट, टाचण्या आणि उड्या मारून बघणं.

तुमच्याही घरी शाळेची अशी चिठ्ठी आली असेल तर ते पुस्तक आधी मुलाकडून वाचून घ्या आणि पात्राच्या हातात, खिशात, डोक्यावर काय आहे ते त्यालाच विचारा. कापड आठवडाभर आधी आणून भिजवा. आणि बाहेर शिवायला टाकणार असाल तर तीन आठवडे तरी हाती ठेवा. डिसेंबरात कोल्हापुरातल्या प्रत्येक लेडीज टेलरकडे लग्नाच्या ब्लाऊजांची चवड पडलेली असते आणि तुमची ॲलिस त्या चवडीच्या तळाला जाईल.